सोलापूरचा पाऊस आणि समुद्राचे गणित

दर संक्रांतीस सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, चारा, गूळ व पाणी मांडून त्याच्या वागण्यावरून येत्या सालाचे पर्जन्यमान आणि बाजारभाव सांगण्याची भाकणुकीची चाल अद्याप टिकून आहे. आणि ज्या मुलखाच्या वाट्याचे मेघ सह्याद्री आपल्या पश्चिम उतारावरच रिते करून घेतो, तेथे पावसाविषयीची ही व्याकुळता पिढ्यान्‌पिढ्या जपली जावी हे मला अगदी स्वाभाविक वाटते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी येथे तळे बांधविले. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे रयतेस खुली केल्याची कथा घरोघर राहिली. १८७१ साली सरकारने एकरुखचा तलाव पुरा केला. तरीही १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळलाच, कारण पडलेले पाणी साठविणे ही एक विद्या आणि न पडणारे पाणी आधी ओळखणे ही सर्वस्वी निराळी.

या दुसऱ्या विद्येचा सरकारी आरंभ त्याच सुमाराचा. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फावरून मोसमी पावसाचा अदमास बांधला व १८८६ मध्ये तो जाहीर केला. पुढे १९०४ साली खात्याची सूत्रे हाती घेणारे केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर यांना, देशोदेशींच्या वायुभाराच्या नोंदी वर्षानुवर्षे पडताळताना, पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यामध्ये वायुभाराचा एक प्रचंड हिंदोळा हलत असल्याचे आढळले. परंतु तो का हलतो हे त्या आकडेवारीतून निघेना. त्याची दोरी समुद्राच्या हाती होती, आणि समुद्राचे गणित अद्याप कोणी मांडले नव्हते.

ते मांडण्याची रीत प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतील कर्क ब्रायन यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. सारा महासागर लांबी, रुंदी आणि खोलीनुसार कल्पित खणांत विभागावयाचा, प्रत्येक खणातील पाण्याचे तापमान, क्षारता व वेग लिहावयाचा, आणि वारा, ऊन व पृथ्वीचे परिवलन यांच्या नियमांनी पुढच्या घटकेचा हिशेब संगणकाकडून करवावयाचा. जमाबंदीच्या दप्तरात गावोगावचा वसूल घटकेघटकेस नव्याने लिहावा, तसे हे काम. अडचण येते ती मिसळणीची. वरचे पाणी खालच्या पाण्यात कालविणारे भोवरे खणापेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे ते हिशेबात दिसत नाहीत, आणि त्यांचे एकंदर कार्य सूत्राने अंदाजावे लागते.

पुण्यास पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, २०१२ च्या मान्सून मिशनमध्ये, वातावरण आणि समुद्र यांना एकत्र जोडणारे अमेरिकी प्रारूप आपल्या पावसासाठी सुधारावयास घेतले. त्यातील समुद्राचा भाग ब्रायन यांच्याच परंपरेतला, ४० थरांचा. २०१८ साली तेथे ‘प्रत्यूष’ महासंगणक आला. या प्रारूपात समुद्राचा पृष्ठभाग वाजवीपेक्षा थंड आणि भारतभूमीवरील पाऊस वाजवीपेक्षा कमी निघतो, असा दोष आढळला, व त्याचा माग काढणारे संशोधक पुन्हा पुन्हा मिसळणीच्या सूत्रापाशी येऊन पोहोचतात.

सोलापूरच्या दृष्टीने यातील मर्म बंगालच्या उपसागरात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावती यांचे पाणी तेथे खाऱ्या पाण्यावर हलके पसरते, वाऱ्याला ते खाली ढवळता येत नाही, आणि तो पातळ थर उन्हाने झपाट्याने तापून कमी दाबाच्या क्षेत्रांना बळ पुरवितो. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. उत्तरा आणि हस्ताच्या या सरींपैकी पुष्कळ अशाच क्षेत्रांबरोबर पूर्वेकडून येतात, आणि त्यांची काळ्या रानात मुरलेली ओल हाच रब्बीच्या मालदांडी ज्वारीचा सारा आधार. प्रारूपाचा सर्वांत वरचा खण १० मीटर जाडीचा. उपसागराच्या उत्तर भागातील तो गोडा थर मात्र कित्येकदा तेवढाही खोल नसतो, म्हणून केवळ गणितावर न विसंबता उपसागरात जाऊन मापे घ्यावी लागतात. २०१६ च्या जूनअखेरीस ‘सिंधू साधना’ हे जहाज उपसागराच्या दक्षिण भागात, अरबी समुद्राचे खारे पाणी पृष्ठभागाखालून कसे आत शिरते आणि वरच्या पाण्यात कसे कालवले जाते, याच्या नोंदी घेत हिंडत होते. सोलापुरात तेव्हा आर्द्रा लागली होती.