पंधराशे फुटांची रेघ : जुन्या स्थलदर्शक नकाशांतला छत्रपती संभाजीनगर जिल्हा

पैठणच्या धरणाला ‘जायकवाडी’ का म्हणतात? पैठण तालुक्यात त्या नावाचे गाव नाही. ते आहे गोदावरीच्या खालच्या अंगाला, बीड जिल्ह्यात, धरणापासून सुमारे शंभर किलोमीटरवर. हे नाव इतके दूर कसे आले, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या नकाशांवर एका तुटक रेषेत दडलेले आहे. या धाग्यात त्या रेषेचा, त्या नकाशांचा आणि नकाशावरून पुसल्या गेलेल्या खोऱ्याचा मागोवा.

आधी नकाशांविषयी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांना आपण सर्रास ‘टोपोशीट’ म्हणतो. देश चार अंश लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागला, प्रत्येकाला क्रमांक दिला. त्या चौकोनाचे एकेका अंशाचे सोळा भाग केले, त्यांना ए ते पी ही अक्षरे. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा तुकडे. यांतला शेवटचा तुकडा म्हणजे एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे, तपशिलाने भरलेले शीट.

या हिशेबाने छत्रपती संभाजीनगर शहर येते ४७ एम/५ वर. दौलताबाद शेजारच्या ४७ एम/१ वर. वेरूळ मात्र वीस अंश अक्षांशाच्या पलीकडे असल्याने ४६ पी/४ वर जाते. सकाळी शहरातून निघून दुपारपर्यंत लेणी पाहून होतात, पण तेवढ्या वाटेला तीन शीटे लागतात, आणि त्यांतले एक तर निराळ्याच चौकोनातले. अजिंठ्याची लेणी आणखी लांब, ४६ पी/१० वर.

या शीटांवरचा रंग म्हणजे भाषाच. वस्ती लाल, पाणी निळे, जंगल हिरवे, लागवड पिवळी, समोच्च रेषा तपकिरी. ओढ्याचे पात्र काळ्या रेघेने, आणि त्यात पाणी असेल तेवढाच भाग निळा. मराठवाड्याच्या शीटांवर काळ्या ओढ्यांची जाळी दिसते, निळा रंग फार थोडा. अवर्षणप्रवण मुलूख म्हणजे काय, हे समजावून घ्यायला आकडेवारीपेक्षा हे शीट समोर धरलेले बरे.

आणखी एक खूण पाहण्यासारखी आहे. नदीकाठच्या दरडीजवळ एखादा छोटा आकडा आणि त्यापुढे ‘आर’ हे रोमन अक्षर असते. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, तर त्या काठाची किंवा खड्ड्याची सापेक्ष उंची. कुठे बैलगाडी नदीत उतरू शकेल आणि कुठे नाही, हे त्या अक्षरावरून कळते. सर्वेक्षकाने त्या जागी उभे राहून मोजल्याशिवाय हा आकडा येत नाही.

जुना नकाशा वाचताना सर्वांत मोठी फसगत होते ती तारखेची. शीटच्या तळाशी छपाईचे वर्ष ठळक असते, सर्वेक्षणाचे वर्ष बारीक अक्षरांत. या दोहोंत कित्येकदा दशकांचे अंतर पडते. रस्ता किंवा रेल्वे नंतर भरलेली असते, पण गावाभोवतालची विहीर मूळ सर्वेक्षणातलीच राहते. म्हणजे एकाच कागदावर दोन काळ शेजारी शेजारी बसलेले असतात. समासातला मजकूर न वाचता मधला नकाशा वाचणे म्हणजे मोहर न पाहता ताम्रपटाचा काळ ठरवण्यासारखे आहे.

याच काळातली दुसरी एक मालिका अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची. ‘यू ५०२’ असे तिचे नाव, प्रमाण १ : २,५०,०००. ती मुख्यतः भारतीय सर्वेक्षणाच्याच नकाशांवरून संकलित केलेली. तिची शीटे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने महाजालावर ठेवल्यामुळे आपल्याकडच्या अनेक अभ्यासकांनी आपलाच जिल्हा पहिल्यांदा पाहिला तो या परदेशी प्रतीत. भारतीय शीटे घरबसल्या मिळू लागली ती २०१७ साली ‘नक्शे’ संकेतस्थळ आल्यावर, आणि तीही नव्या आवृत्तीची. अमेरिकी मालिका प्रदेशाची ठेवण पाहायला उत्तम. वाड्या-वस्त्या शोधायच्या तर एक इंची शीटाला पर्याय नाही.

आता त्या तुटक रेषेकडे. १९५६ पूर्वीच्या नकाशावर पैठण, गंगापूर हे तालुके हैदराबाद संस्थानात (१९४८ च्या सप्टेंबरातील पोलिस कारवाईनंतर हैदराबाद राज्यात) आहेत. नदीच्या दक्षिणेस शेवगाव आणि नेवासे, म्हणजे मुंबई इलाख्यातला अहमदनगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर. या भागात गोदावरी ही राज्याची हद्द होती. कायगाव निजामाचे, समोरचे टोके इंग्रजांचे. प्रवरा-गोदावरीच्या संगमावर एका काठचा माणूस दुसऱ्या काठच्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेला, तर त्याने राज्य ओलांडलेले असे.

हैदराबाद राज्याने गोदावरीवर मोठे धरण योजले ते दोन्ही काठ आपल्या हद्दीत असलेल्या ठिकाणी, बीड जिल्ह्यातील जायकवाडीपाशी. पैठणला बांध घातला असता तर फुगवट्याचे पाणी थेट मुंबई राज्याच्या शेतांत शिरले असते. नकाशा पाहिल्यावर हे एका क्षणात उमगते. कागदपत्रांतल्या तांत्रिक चर्चेत ते सहजासहजी हाती लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि ती तुटक रेषा राज्याची हद्द उरली नाही, नुसती जिल्ह्याची झाली. त्यानंतर धरणाची जागा वर, पैठणला सरकली. नाव मात्र जुन्या जागेचेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. जलाशयाला संत एकनाथांच्या स्मरणार्थ ‘नाथसागर’ म्हटले गेले.

आता जुन्या शीटांवरच एक प्रयोग करून पाहता येतो. जलाशयाची पूर्ण संचय पातळी आहे १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मीटर. एक इंची शीटांवर समोच्च रेषा पन्नास-पन्नास फुटांच्या अंतराने असतात. तेव्हा १,५०० फुटांची तपकिरी रेघ पेन्सिलीने गिरवत जावे. धरण बांधण्यापूर्वी छापलेल्या नकाशावर, धरणाचा मागमूस नसताना, नाथसागराचा गाभा आपोआप उमटतो. प्रत्यक्ष पाणी या रेघेच्या आणखी बावीस फूट वर चढते. म्हणून काठ ठरवायचा तर १,५०० आणि १,५५० यांच्या मधल्या पट्ट्यात, सुट्या उंचीबिंदूंच्या आधाराने अदमास घ्यावा लागतो.

अडचण एवढीच की हे खोरे एका शीटात मावत नाही. ४७ एम/२, एम/३, एम/६ आणि एम/७ या चार शीटांचे कोपरे जिथे जुळतात, तो परिसरच आज नाथसागराचा आहे. चारही शीटे एकत्र जोडल्याशिवाय बुडालेला मुलूख सलग दिसत नाही. तुकड्या-तुकड्यांनी पाहिले तर प्रत्येक शीटाच्या एका कोपऱ्यातली चार गावे गेली, एवढेच वाटते.

रेघ गिरवल्यावर या जलाशयाचा स्वभावही कळतो. सह्याद्रीतली धरणे अरुंद दरीत खोल पाणी साठवतात, तिथे समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात. पैठणच्या वर मात्र त्या मैल-मैल फाकलेल्या आहेत. सपाट काळी जमीन. त्यामुळे साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पाण्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे भागाकार केला तर सरासरी खोली नऊ मीटरांहूनही कमी. एवढ्या उथळ पाण्यासाठी शंभराहून अधिक गावे विस्थापित झाली, आणि गेली ती नदीकाठची सर्वांत कसदार जमीन.

जुन्या शीटावर या पट्ट्यात काय दिसते? नदीच्या दोन्ही काठांनी दाट लाल ठिपके, म्हणजे गावे. प्रत्येक गावाभोवती विहिरींची वर्तुळे. गावागावांना जोडणाऱ्या गाडीवाटा, आणि त्यांतल्या कित्येक थेट पात्रात उतरून पलीकडच्या काठावर चढणाऱ्या. राज्याची हद्द होती, पण वाटा हद्द मानत नव्हत्या. सोयरिकी, बाजार आणि जत्रा यांचा भूगोल त्या वाटांत आहे. पुढच्या आवृत्त्यांत, १ : ५०,००० च्या मेट्रिक शीटांवर, तिथे सपाट निळा रंग आहे. काठाच्या गावाची वाट निळ्याच्या कडेशी येऊन थांबते.

त्या मेट्रिक शीटांवर आणखी एक गोष्ट नवी आहे : धरणाच्या दोन्ही खांद्यांवरून निघणारे कालवे. डावा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. दोन्ही पूर्वेकडे, नदीच्या उताराने जातात. कालव्याचे पाणी उतारानेच वाहणार, हे उघड आहे. पण त्याचा अर्थ असा, की ज्यांची जमीन गेली त्यांचा मुलूख धरणाच्या वर आणि ज्यांची भिजली त्यांचा खाली. बुडणे आणि भिजणे यांचा असा भूगोल शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन आवृत्त्यांत जितका स्वच्छ दिसतो, तितका कोणत्याही अहवालात दिसत नाही.

आणखी एक तारीख इथे नोंदवायला हवी. प्रकल्पामुळे उठवल्या गेलेल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे धरणाच्या उद्घाटनाच्या वर्षी. ही गावे तोवर उठलेली होती.

मग या शीटांचा विस्थापितांच्या वारसांना उपयोग काय? मालकी सिद्ध करायला काहीच नाही. स्थलदर्शक नकाशावर शेताचा बांध नसतो, सर्व्हे नंबर नसतो, कोणाचे घर कुठे हे तर नसतेच. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा आणि हैदराबादच्या काळातली, बहुतांशी उर्दूतली महसुली कागदपत्रेच धुंडाळावी लागतात. पण गावनकाशा एकाकी असतो. त्याला शेजार नसतो. ते गाव नदीपासून किती लांब होते, बाजाराची वाट कुठून जात होती, कोणत्या ओढ्याच्या कोणत्या वळणावर ते वसले होते, हे टोपोशीटच सांगते. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले की गाव पुन्हा जागेवर येते.

शीटांचे मौनही लक्षात घेतले पाहिजे. लाल ठिपक्यात गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे असा भेद नाही. पाटलाचा वाडा आणि वेशीबाहेरची वस्ती एकाच रंगात मिसळलेली. मंदिर, मशीद, ईदगाह, थडगे यांना स्वतंत्र खुणा आहेत, पण पाणवठा कोणासाठी खुला होता हे सांगणारी खूण सूचीत नाही. हे सर्वेक्षण लष्कर, महसूल आणि रस्तेबांधणी यांच्या गरजेतून घडले. त्याने तेवढेच पाहिले.

नावांचीही एक गंमत आहे, थोडी त्रासदायक. सर्वेक्षकाने गावात ऐकलेले नाव रोमन लिपीत गेले. त्या लिपीला ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. वेरूळचे ‘एलोरा’ तर जगप्रसिद्धच झाले. वाळूज गेले रोमनमध्ये आणि परतताना कित्येक फलकांवर ‘वालूज’ होऊन आले. बुडालेल्या गावाचे नाव रोमन शीटावरून परत मराठीत आणताना म्हणूनच जपावे लागते. एखादा ‘ल’ मुळात ‘ळ’ असेल, तर त्या गावची म्हातारी माणसेच ते सांगू शकतील, आणि ती आता फार उरलेली नाहीत.

शहराबद्दल थोडक्यात. मध्यशतकातल्या शीटावर तटबंदीतले औरंगाबाद, खामच्या पलीकडची छावणी आणि नैऋत्येस रेल्वे स्टेशन असे तीन सुटे पुंजके दिसतात. स्टेशनावरून जाणारा मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा, मीटरगेज. चिकलठाणा हे जालना रस्त्यावरचे गाव, वाळूज हे नगर रस्त्यावरचे. आज जिथे सिडको आहे तिथे शेते. १९५८ साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ जुन्या सर्वेक्षणाच्या शीटावर सापडणार नाही. तिथे लेण्यांच्या डोंगराचा पायथा तेवढा आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ११,७५,११६ होती. याच शहराची व उद्योगांची तहान आज भागते ती पैठणहून येणाऱ्या पाण्यावर.

जिल्हाही तोच राहिला नाही. जुन्या नकाशावरचा औरंगाबाद जिल्हा जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद यांना पोटात घेऊन बसलेला आहे. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा झाला. २०२३ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले. टोपोशीटाच्या क्रमांकाला यातले काहीही लागत नाही. ४७ एम/५ तेच राहते, म्हणूनच जुना संदर्भ शोधताना नावापेक्षा क्रमांकावर विसंबणे श्रेयस्कर.

शेवटी पुन्हा त्या खोऱ्याकडे. २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडीचा जिवंत साठा संपला, आणि पुढेही काही उन्हाळ्यांत तीच पाळी आली. पाणी मागे सरकले की गाळातून जुन्या भिंतींचे पाये आणि देवळांचे दगड वर येतात. पण तेही कडेकडेने. मृतसाठा एकट्याच्या बळावर ७३८ दशलक्ष घनमीटर आहे, आणि त्याच्याखाली गोदावरीचे मूळ पात्र आहे. जिवंत साठा संपूनही त्याच्या अगदी काठची गावे पाण्याखालीच राहतात. त्यांची जागा सांगणारा लाल ठिपका ४७ एम च्या त्या चार शीटांवर आहे. आणि गंगापूर तालुक्यात, संगमाजवळ, रस्त्याने जाणाऱ्याला ‘जुने कायगाव’ असे नाव आजही ऐकू येते.