विकलेल्या प्रतींची कुळकथा

१९७९ साली कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीत एका पानाचं टिपण फिरलं. कोणत्या व्हिडिओ गेमचा किती खप झाला, याची ती यादी होती. मार्केटिंगवाल्यांचा हेतू सरळ होता: जे खपतं, तसं आणखी करा. पण डेव्हिड क्रेन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी त्या यादीवर आपला हिशेब मांडला. क्रेनने पुढे सांगितल्याप्रमाणे, १० कोटी डॉलरच्या विक्रीतले सुमारे ६ कोटी या चौघांच्या गेमनी आणले होते. त्यांना मिळत होता फक्त पगार, आणि खोक्यावर नावसुद्धा नव्हतं. वाटा मागितला, नकार मिळाला. त्याच वर्षी बाहेर पडून त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच यंत्रावर चालणारे गेम विकू लागले. अटारी कोर्टात गेली. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि अ‍ॅक्टिव्हिजनने रॉयल्टी द्यायचं कबूल केलं. यंत्र एकाचं, गेम दुसऱ्याचा आणि प्रत्येक प्रतीमागे यंत्रवाल्याचा हिस्सा, हा आजचा व्यवहार तिथे रुजला.

मात्र ‘विकलेली प्रत’ म्हणजे नेमकं काय, हे कुणी नीट विचारलं नव्हतं. कारखान्यातून माल निघाला की कंपनीच्या वहीत विक्री लागायची. माल घेणारा असायचा वितरक, खेळणारं मूल नव्हे. दिवाळी अंक काढणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल: स्टॉलवर गेलेला गठ्ठा परत येणार नाही याची खात्री होईपर्यंत खप सांगता येत नाही.

ऑक्टोबर १९८१ मध्ये अटारीने वितरकांना १९८२ च्या संपूर्ण वर्षाची मागणी आधीच नोंदवायला सांगितली. आजवर मागितलेला माल कधी पुरा मिळत नसे. म्हणून वितरकांनी गरजेपेक्षा फुगवून आकडे दिले. अटारीला ते आकडे खरे वाटले. मार्च १९८२ मध्ये ‘पॅक-मॅन’ आला तेव्हा बाजारात अटारीची यंत्रं सुमारे १ कोटी होती आणि कंपनीने कार्ट्रिजेस काढली १ कोटी २० लाख! ७० लाखांहून अधिक खपलीही. त्या यंत्रावर कुठलाच गेम इतका खपला नाही. तरीही लाखोंचा साठा पडून राहिला. सर्वाधिक खपाचा गेम आणि डोईजड झालेला माल एकच असू शकतो, हा माझ्या मते या साऱ्या कथेतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. वर्षअखेरीस ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा गेम आला. त्याच्या हक्कांसाठी २ कोटी डॉलरहून जास्त मोजल्याचं सांगितलं जातं, आणि तो बनवायला हॉवर्ड स्कॉट वॉरशॉला जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्याच्या प्रती दुकानांतून लाखांनी परत आल्या. १९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरून काढला, तेव्हा त्यात ‘पॅक-मॅन’ही सापडले.

निन्टेन्डोने यातून कठोर धडा घेतला. १९८५ मध्ये आपलं यंत्र अमेरिकेत आणताना तिने त्यात परवान्याशिवायचे गेम अडवणारी कुलूपचिप बसवली. परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढता येत. कार्ट्रिज निन्टेन्डोच बनवून देणार, पैसे आगाऊ घेणार. माल पडून राहिला तर तो प्रकाशकाच्या गळ्यात. म्हणजे प्रत ग्राहकाकडे जाण्याआधीच निन्टेन्डोचा नफा पदरात पडलेला. आपल्याकडे त्याच यंत्राच्या नकला आणि ‘९९ इन १’ कॅसेटी घरोघर खेळल्या गेल्या, पण त्यातली एकही प्रत तिच्या हिशेबात नाही.

पुढे यंत्र तोट्यात विकून गेममधून भरून काढण्याची रीत पडली. २००६ च्या प्लेस्टेशन ३ चं मोठं मॉडेल अमेरिकेत ५९९ डॉलरला मिळे. त्यातल्या सुट्या भागांचाच खर्च आयसप्लाय या संस्थेने ८०० डॉलरच्या वर काढला होता. अशा वेळी यंत्र किती गेली यापेक्षा एका यंत्रामागे किती गेम गेले, हे पाहावं लागतं. तिथेही फसगत आहेच: निन्टेन्डोच्या ‘वी स्पोर्ट्स’ या गेमच्या ८ कोटींहून अधिक प्रतींपैकी बहुतेक यंत्राच्या खोक्यातूनच आल्या.

आणि खर्च? प्रती कितीही खपल्या, तरी गेम बनवायचा खर्च निघाला का, हा प्रश्न उरतोच. २०१३ मध्ये ‘टूम रेडर’च्या ३४ लाख प्रती महिनाभरात खपल्या, तरी प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने तो आकडा अपेक्षेहून कमी ठरवला. त्या वर्षी कंपनी तोट्यात गेली आणि अध्यक्ष योइची वादा पायउतार झाले. वर्ष उलटायच्या सुमारास तोच गेम नफ्यात आल्याचं कंपनीकडूनच सांगण्यात आलं.

तेव्हा यापुढे ‘इतके लाख विकले’ असं वाचलंत, तर दोन गोष्टी जरूर शोधा: मोजणी कारखान्याच्या दारात झाली की दुकानाच्या गल्ल्यावर, आणि गेम बनवायला किती पैसे लागले होते.