पायऱ्यांची विहीर आणि नारू

घोट्याच्या वर एक फोड यायचा. आधी खाज, मग आग. आग इतकी की माणूस मिळेल त्या पाण्यात पाय बुडवायला धावायचा. फोड फुटला की त्यातून शेवईसारखं पांढरं टोक डोकावायचं. तो नारू नावाचा जंत. पूर्ण वाढलेली मादी दीड-दोन हात लांब असायची आणि ती ओढून काढता येत नसे. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं, रोज बोटभर पुढं घ्यायचं आणि वर पट्टी बांधायची, असं कित्येक दिवस चालायचं, कधी कित्येक आठवडे. घाई झाली आणि नारू आत तुटला तर पाय टम्म सुजायचा, पू व्हायचा, कधी सांधा कायमचा आखडायचा.

माणूस यानं सहसा मरत नसे, म्हणून या दुखण्याकडं सरकारदरबारी फारसं लक्ष गेलं नाही. पण त्याची वेळ फार वाईट होती. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की त्याची लागण व्हायची आणि साधारण वर्षभरानं, म्हणजे पुन्हा उन्हाळ्यातच, नारू बाहेर पडायचा. नांगरट, पाळी, पेरणीची तयारी तोंडावर आलेली आणि घरातला कर्ता माणूस काडी बांधलेला पाय घेऊन बाजेवर पडलेला. एका घरात दोघं-तिघं पडले तर त्या वर्षीचं पीक हातचं गेलंच.

जुन्या वैद्यकग्रंथांत याला ‘स्नायुक’ म्हटलं आहे. रोग इतका जुना की इजिप्तमधल्या एका ममीच्या शरीरातही चुना होऊन गेलेला नारू सापडला. तो कुठून येतो हे मात्र शेकडो वर्षं कुणाला उमगलं नव्हतं. खोड सगळी पाण्यात होती, आणि तीही माणसानं मोठ्या मायेनं बांधलेल्या पाण्यात.

महाराष्ट्रातल्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, पाहिल्या की हे नीट कळतं. कोरड्या मुलखात पाण्याची पातळी ऋतूप्रमाणं वर-खाली होते; पायऱ्या असल्या की पाणी कितीही खाली गेलं तरी माणूस त्याच्यापर्यंत पोचतो. ज्याच्याकडं दोर नाही, पोहरा नाही, त्या वाटसरूलाही ओंजळभर पाणी मिळतं. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर अठराव्या शतकात विरूबाई भोसले यांनी बांधवली. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं तर किती बारवा ओळखल्या जातात. पाण्याचं दान हे मोठं पुण्य, ही त्यामागची समजूत होती आणि ती खरीच होती. पण पाण्यापर्यंत उतरणारी पायरी पायालाही पाण्यापर्यंत नेते.

नारूला एवढंच हवं असायचं. आग होणारा पाय पाण्यात गेला की मादी एका वेळी हजारो-लाखो अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लोप्स नावाचा, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जलजीव गिळतो. साधारण दोन आठवड्यांत अळी त्याच्या पोटात तयार होते. मग कुणीतरी त्याच पायरीवर घागर बुडवते आणि घरी नेऊन ते पाणी पाजते. पोटातल्या आम्लात सायक्लोप्स मरतो, अळी मात्र सुटते आणि आतून वाट काढत वाढू लागते.

हे कोडं रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको यांनी १८७०च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तानच्या मुलखात सोडवायला घेतलं. पुढं पहिल्या महायुद्धाच्या आसपास मुंबईच्या बॅक्टेरियॉलॉजिकल प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तुरखुड यांनी नारूवर प्रयोग केले. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग भागात डॉ. मूर्ती यांनी पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लोप्स खाणारे मासे सोडून पाहिले. म्हणजे उपाय ठाऊक होता. तरी त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक नारू खेड्यांत सुखानं नांदला. ही दिरंगाई माफ करण्यासारखी नाही. रोग गरिबांच्या पायाला होता, हेच तिचं कारण.

देवीचा रोग देशातून गेल्यावर नारूची पाळी आली. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था त्याचं काम पाहत होती. १९८४च्या मोजणीत सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, जवळपास १३ हजार गावांत, सुमारे ४० हजार रुग्ण निघाले. त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता.

नारूवर लस नव्हती, औषध नव्हतं, आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नव्हतं. उरली ती फक्त सवय बदलण्याची वाट. आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन रुग्ण शोधत, जखमेला पट्टी बांधत आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: नारू असलेल्यानं पाण्यात उतरायचं नाही. विहिरीत टेमेफॉस हे औषध अगदी थोड्या मात्रेत, लिटरला एक मिलिग्रॅम, टाकलं जाई. त्यानं सायक्लोप्स मरत आणि पाणी पिण्याजोगं राही. लोकांना ते पटायला वेळ लागे. पिण्याच्या पाण्यात कुणी काही टाकतंय म्हटल्यावर शंका येणारच.

पण सगळ्यांत मोठं काम कापडानं केलं. दुहेरी घडीचं स्वच्छ कापड घागरीच्या तोंडावर बांधायचं आणि पाणी त्यातून ओतायचं. सायक्लोप्स कापडावर अडकतो, पाणी खाली उतरतं. यात नवं काहीच नव्हतं. वस्त्रगाळ पाणी आपल्याकडच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. नवा होता तो नेम: पाणी स्वच्छ दिसलं तरी, पाहुणा दारात उभा असला तरी, प्रत्येक घागर गाळायची. हा नेम लाखो घरांत बायकांनी चालवला. निर्मूलनाच्या अहवालांत आकडे असतात, हे हात नसतात.

दुसरीकडं पायऱ्या बुजवून किंवा कठडा बांधून विहिरी उपशाच्या केल्या गेल्या आणि गावोगाव हातपंप आले. त्यातही महाराष्ट्राचा वाटा आहे. १९६०-७०च्या दशकांत जालना आणि सोलापूर भागात टिकाऊ हातपंप घडवण्याची खटपट झाली आणि सोलापूरच्या पंपाच्या घडणीवरूनच पुढं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. राजस्थानात युनिसेफ आणि स्वीडनच्या मदतीनं चाललेल्या ‘स्वच्छ’ प्रकल्पात तर खेड्यातल्या बाया पाने घेऊन हातपंप दुरुस्त करू लागल्या.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये साऱ्या जगात माणसांतले फक्त १५ रुग्ण नोंदले गेले, ते चाड आणि दक्षिण सुदान या देशांत.

आज महाराष्ट्रात तरुण मंडळी बारवांतला गाळ काढताहेत, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावताहेत. फार चांगलं काम आहे. त्यांना एकच विनंती. बारवेचा शिलालेख वाचून झाला की गावातल्या सत्तरी-पंच्याहत्तरीच्या आजीला विचारा: नारू आठवतो का, कुणाच्या पायाला होता, पाणी कशानं गाळायचात? ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्या बारवेच्या माहितीफलकावर लावा. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.