संमतीवाचून : धूम्रपानबंदीच्या एका कलमाची कुळकथा

भारतातील सार्वजनिक धूम्रपानबंदीचा इतिहास सांगताना २००३ चा तंबाखूनियंत्रण कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेले नियम आणि त्यांच्या पाठीशी असलेले वैद्यकीय पुरावे यांचाच उल्लेख बहुधा होतो. परंतु या बंदीचे मूळ दवाखान्यात नसून रेल्वेच्या डब्यात आहे, आणि तेथील एका कलमात शंभर वर्षांच्या अंतराने झालेल्या लहानशा शब्दपालटात व्यक्तिस्वातंत्र्याचा सगळा वाद साठवलेला आहे.

ते कलम म्हणजे भारतीय रेल्वे अधिनियम, १८९० याचे कलम ११०. त्याचा आशय असा, की धूम्रपानासाठी खास राखून ठेवलेला कप्पा सोडून अन्य कोणत्याही कप्प्यात, तेथे सहप्रवासी असल्यास त्यांच्या संमतीवाचून जो धूम्रपान करील, त्याला वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा, आणि रेल्वे कर्मचाऱ्याने ताकीद दिल्यावरही जो ते थांबवणार नाही, त्याला गाडीतून उतरवता यावे. ‘कप्पा’ हा शब्द येथे नेमक्या अर्थाने घ्यावयाचा आहे, कारण त्या काळचे बहुतेक डबे आजच्यासारखे आरपार नसत. समोरासमोरच्या दोन बाकांची, स्वतंत्र दाराची एक बंदिस्त खोलीच असे, आणि पुढचे स्थानक येईपर्यंत तिच्यातून बाहेर पडण्याची सोय नसे. या कलमात आरोग्याचा शब्द नाही, आगीची भीती नाही, तंबाखूची निंदाही नाही. ‘सहप्रवासी असल्यास’ या अटीमुळे एकटा बसलेला मनुष्य धूर काढत राहिला तरी गुन्हा घडत नाही. गुन्हा आहे तो न विचारण्याचा.

हे वेगळेपण कळण्यासाठी ‘धूम्रपान’ या शब्दाचे कूळ पाहणे आवश्यक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी द्रव्यांच्या वर्तीचा, म्हणजे वातीसारख्या नळकांड्याचा, धूर घेण्याचा विधी आला असून त्यासाठी दिवसातील आठ वेळाही सांगितल्या आहेत, परंतु तेथील शब्द ‘धूमपान’ असा आहे. संस्कृतात ‘धूम’ म्हणजे धूर आणि ‘धूम्र’ म्हणजे धुराच्या रंगाचा. तेव्हा काटेकोरपणे पाहिल्यास धूम्रपान म्हणजे ‘करड्याचे प्राशन’ असा विचित्र अर्थ निघतो. हा रकार कोठून शिरला याविषयी दोन मते संभवतात. शब्द अधिक संस्कृत दिसावा या हौसेने तो जोडला गेला, हे पहिले; आणि धूम्र हे विशेषण नामासारखे वापरण्याची सवय आधीच रुळलेली होती, हे दुसरे. दोन्हींपेक्षा तिसरे स्पष्टीकरण मराठीपुरते अधिक पटणारे आहे. ‘धामधूम’, ‘धूम ठोकणे’ अशा प्रयोगांमुळे मराठी कानाला ‘धूम’ म्हणजे गडबड आणि पळापळ असे वाटू लागले होते, आणि त्यामुळे धुरासाठी ‘धूम्र’ हेच रूप सुरक्षित ठरले असावे. याला लेखी पुरावा देता येत नाही. मात्र प्रतिकूल पुरावाही दिसत नाही.

जुन्या मराठीत हा शब्द तंबाखूच्या नव्हे तर तपाच्या संदर्भात येतो, आणि पंचाग्निसाधनाच्या, म्हणजे चारी बाजूंना अग्नी आणि डोक्यावर सूर्य घेऊन करायच्या तपाच्या, जोडीने धूर पिणाऱ्या हठयोग्यांचा उल्लेख होतो. म्हणजे प्रथम औषध, मग तप आणि शेवटी व्यसन अशी या शब्दाची वाटचाल झाली, परंतु तिन्ही अवस्थांत धूर पिणारा एकटाच आहे. जवळ बसलेल्या माणसाला या समासात जागा नाही. बोलीतील क्रियापद तर निराळेच आहे, कारण हिंदीभाषक सिगारेट ‘पितो’ आणि अरबीतही धूर प्यायलाच जातो, पण मराठी माणूस ती ‘ओढतो’. फार्सीतील ‘कशीदन’ या क्रियापदाचा अर्थ ओढणे असाच आहे, आणि अकबराच्या दरबारी तंबाखू व हुक्का पोचवणाऱ्या असद बेगला ती वस्तू आदिलशाही विजापुरात मिळाली होती हे लक्षात घेता, दख्खनच्या फार्सी दरबारी बोलीतूनच मराठीने हे क्रियापद उचलले असावे, असा तर्क मोह पाडतो. नळीतून धूर घेणाऱ्या कोणालाही ‘ओढणे’ सहज सुचेल, हा आक्षेप खरा असला तरी ते शेजारच्या हिंदीला का सुचले नाही, हा प्रश्न उरतोच.

राजाज्ञेने झालेल्या बंदीची परंपरा सर्वपरिचित आहे : इंग्लंडच्या पहिल्या जेम्सने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली, जहांगिराने १६१७ मध्ये मनाई केली, आणि तुर्की सुलतान चौथ्या मुरादने १६३३ पासून थेट देहदंड दिले. आजच्या बंदीचा वंश येथून जोडण्याचा प्रघात असला तरी तो टिकत नाही, कारण या आज्ञांत प्रश्न प्रजेच्या आज्ञाधारकतेचा होता, शेजाऱ्याच्या सोयीचा नव्हे. याची खूण १८४८ मध्ये दिसते. त्या वर्षी मार्चमधील उठावानंतर बर्लिनच्या रस्त्यांवरील धूम्रपानाची जुनी बंदी उठली आणि चिरूट हे स्वातंत्र्याचे चिन्ह ठरले. तर त्याच वर्षीच्या जानेवारीत मिलानच्या नागरिकांनी ऑस्ट्रियन सरकारचे तंबाखूचे उत्पन्न बुडवण्यासाठी धूम्रपान सोडले, आणि रस्त्यावर मुद्दाम चिरूट ओढत फिरणाऱ्या सैनिकांशी त्यांच्या प्राणघातक चकमकी झाल्या. एका शहरात ओढणे हे स्वातंत्र्य आणि दुसऱ्यात न ओढणे हे स्वातंत्र्य, असे असल्यावर स्वातंत्र्य धुरात नसून तो कोणाच्या हुकमाने निघतो वा थांबतो यात आहे, हे उघड होते.

कलम ११० चे खरे पूर्वज इंग्लंडच्या रेल्वे कायद्यांत सापडतात. १८४५ च्या कायद्याने कंपन्यांना ‘तंबाखू ओढणे व अन्य उपद्रव’ थांबवण्यासाठी उपविधी करण्याचा अधिकार दिला, आणि त्यातील ‘अन्य’ या शब्दाने धूम्रपान आपोआप उपद्रवांच्या यादीत बसवले; पुढे १८६८ च्या कायद्याने मेट्रोपॉलिटन रेल्वे वगळता सर्व कंपन्यांवर प्रत्येक वर्गासाठी धूम्रपानाचे कप्पे ठेवण्याची सक्ती केली. दुसऱ्याला इजा होत असेल तरच व्यक्तीच्या वर्तनावर समाजाने बंधन घालावे, हा सिद्धान्त १८५९ मध्ये मांडणारा जॉन स्टुअर्ट मिल त्या वेळी याच संसदेचा सदस्य होता. कलम ११० म्हणजे मिलच्या सिद्धान्ताची वीस रुपयांची आवृत्ती होय, असे म्हणण्याचा मोह आवरणे कठीण असले, तरी कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मिल होता असा दावा मात्र करता येत नाही.

या कुळकथेतील कळीची घटना १९८९ ची आहे. नव्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६७ नुसार त्याच डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करता येत नाही, दंडाची मर्यादा शंभर रुपये आहे, आणि रेल्वे प्रशासनाला संपूर्ण गाडीत किंवा तिच्या भागात बंदी घालण्याची मुभा आहे. वरवर पाहता नियम तोच वाटतो, पण ‘संमतीवाचून’ची जागा ‘हरकत घेतल्यास’ने घेतली आहे. १८९० मध्ये गप्प बसलेला प्रवासी संमती न दिलेला धरला जाई, तर १९८९ मध्ये तोच गप्प प्रवासी संमती दिलेला धरला गेला. मौन हे संमतीचे लक्षण मानणारे संस्कृत वचन जणू शंभर वर्षांनी कायद्यात आले, आणि विचारण्याचे ओझे ओढणाऱ्याच्या खांद्यावरून खोकणाऱ्याच्या खांद्यावर सरकले. याचे कारण बहुधा गर्दी हेच असावे, कारण चार-सहा जणांच्या कप्प्यात संमती विचारता येते, खच्चून भरलेल्या आरपार डब्यात ती कोणाकोणाची विचारणार?

२०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे १८६० मधील कलम २७८, म्हणजे आसपासची हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगणारे कलम, हेच खरे मूळ होय, असा प्रतिपक्ष मांडता येतो, आणि केरळ उच्च न्यायालयाच्या १९९९ च्या निर्णयाने सार्वजनिक धूम्रपान उपद्रवाच्या कक्षेत आणल्यामुळे त्याला बळही मिळते. तथापि ते कलम शेजारी राहणाऱ्या, व्यवसाय करणाऱ्या किंवा रस्त्याने जाणाऱ्या सर्वसाधारण लोकांचा विचार करत असे. समोरच्या बाकावरील एका माणसाला नकाराधिकार देण्याची कल्पना त्यात नव्हती.

पुढील टप्पे थोडक्यात सांगता येतात. गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान व थुंकणे यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, ग्रंथालये, न्यायालये, रेल्वे इत्यादी ठिकाणी बंदीचा आदेश दिला. आणि २००३ च्या कायद्याने कलम ४ नुसार सर्व सार्वजनिक ठिकाणी बंदी घालून दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. २००८ च्या नियमांनी ठरवलेला फलक, म्हणजे किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरची पांढरी पाटी, तिच्यावर लाल वर्तुळ, त्यात काळा धूर सोडणारी सिगारेट किंवा विडी आणि तिला छेदणारी लाल पट्टी, हे या वंशाचे आजचे रूप. त्या पाटीपुढे संमतीला जागा नाही आणि हरकतीचीही गरज नाही. उपाहारगृहातील सर्वांनी एकमुखाने ‘ओढा’ म्हटले तरी ओढता येत नाही, कारण धुरापासून वाचण्याचा हक्क आता केवळ समोरच्या प्रवाशाचा नसून, तेथे नसलेल्या आणि नंतर येणाऱ्या माणसाचाही मानला गेला आहे. बंद खोलीतला धूर ओढणारा उठून गेल्यावरही मागे राहतो, हे लक्षात घेता हा बदल योग्यच म्हणावा लागेल.

तरीही १८९० चा एक अवयव शिल्लक आहे. कलम ४ च्या परंतुकानुसार, म्हणजे मुख्य नियमाला अपवाद जोडणाऱ्या वाक्यानुसार, तीस खोल्यांची हॉटेले, तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येते, आणि नियमांनुसार तिला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी व्यवस्था असावी लागते. ‘खास राखून ठेवलेला कप्पा’ तो हाच. संमती गेली, हरकतही गेली, कप्पा मात्र टिकला.