'हे काही शिकणार नाही' म्हटलेली मुलं

आपल्या बेळगावात गल्लोगल्ली बालवाडीच्या पाटीवर 'माँटेसरी' हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ विचारला तर "लहान मुलांची इंग्लिश शाळा" एवढंच उत्तर मिळतं. पण ही पद्धत निघाली ती 'हे काही शिकणार नाही' म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांपासून.

१८०० साली फ्रान्समध्ये आव्हेरों भागातल्या रानातून एक मुलगा माणसांत आला. त्याला बोलता येत नव्हतं. नामांकित वैद्यांनी त्याला जन्माचा मतिमंद ठरवलं. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतल्या इतार या तरुण डॉक्टरांनी मात्र त्याला काही वर्षं शिकवलं. काय जमलं आणि काय नाही, दोन्ही लिहून ठेवलं. मुलगा बोलायला फारसा शिकला नाही. पण त्या कामावरूनच त्यांचे शिष्य सेगँ यांनी हात, डोळे, कान यांना वळण लावणारी साधनं केली.

रोमच्या डॉ. मारिया माँटेसरींनी या दोघांचं लेखन स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. १९०० च्या सुमारास त्या अशाच मुलांना शिकवत होत्या. त्यांतली काही मुलं लिहा-वाचायला शिकून नेहमीच्या मुलांबरोबर परीक्षा पास झाली. सगळे कौतुक करत होते, बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला: ही मुलं इथवर येतात, तर धडधाकट मुलंही इथेच का थांबतात? त्यांना शाळेत काय आडवं येतं?

६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालघर उघडलं आणि मुलं काय करतात ते बघत राहिल्या. छान छान खेळणी तशीच पडून राहत. भोकांत लाकडी दट्टे बसवायची पेटी मात्र मुलं पुन्हा पुन्हा घेत. मग खेळणी गेली, पेटी राहिली. काय ठेवायचं ते मुलांच्या वागण्यावरून ठरलं.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हेच केलं. १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघांबरोबर काम सुरू झालं, तेव्हा गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही, शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. महाग साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया आल्या. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ पासून तर सरकारी योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

म्हणून म्हणते, तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन कुणी "तुमचं मूल मागे पडतंय" म्हणालं, तर आईने रडत घरी येऊ नये. शांतपणे विचारावं: तुम्ही त्याच्याकडे किती दिवस बघितलंत? काय काय करून पाहिलंत? आणि काय लिहून ठेवलंत?