टाकीचे घाव कुठे पडतात?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण मुलांना धीर देण्यासाठी वापरतो. पण शिल्पकलेची एक अख्खी व्याख्या तिच्यात सामावली आहे. कठीण दगड हवा, त्यावर मुरलेला हात हवा आणि शेवटी दगडाचा दगडपणा सरून मूर्ती उभी राहायला हवी. ही व्याख्या मनात घेऊन वाढलेला रसिक आजच्या कलादालनात शिरतो आणि समोर त्याला जुने कपाट, साबणाच्या वड्या, सुया, दोरे, कपड्यांचे तुकडे दिसतात. तो खट्टू होतो. त्याची नाराजी प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा पूर्वपक्ष आधी नीट मांडू.

तो तीन गोष्टी म्हणतो. एक, यात घडवणे नाही, नुसते मांडणे आहे. दोन, दुकानातली तयार वस्तूच कला म्हणून मांडायची, ही कलावंत मार्सेल द्युशाँची शंभर वर्षांपूर्वीची क्लृप्ती आहे. बाकीचे तिचे उसनवार. तीन, कलावंताच्या आईची आठवण त्याच्या घरची गोष्ट; परक्याने त्यात काय पाहायचे?

पहिला आक्षेप घडवण्याचा. लुईस बुर्ज्वा (१९११–२०१०) ही पॅरिसमध्ये जन्मलेली शिल्पकार. तिच्या आईवडिलांचा जुनी विणलेली चित्रे (टॅपेस्ट्री) दुरुस्त करण्याचा कारखाना होता; पटावरच्या आकृत्यांचे झिजून गेलेले पाय ती लहानपणी रेखून देई. पुढे ती संगमरवर कोरण्यात तरबेज झाली. १९९० ते १९९३ या काळात तिने बालपणाचे श्वाझीचे घर गुलाबी संगमरवरात घडवले आणि त्याच्यावर गिलोटिनचे पाते टांगले. हीच बाई ऐंशी ओलांडल्यावर स्वतःचे आणि आईचे जपून ठेवलेले कपडे बाहेर काढते, ते कापते, शिवते, त्यांतून आकृत्या उभ्या करते. दगड येत नव्हता म्हणून ती कापडाकडे वळली, असे कोण म्हणेल? सुई हे तिच्या घरचे पहिले हत्यार होते. फाटलेले सांधणे हाच तिच्या आयुष्याचा विषय होता आणि त्या विषयाला छिन्नी पुरली नसती.

कर्नाटकातल्या शीला गौडा मूळच्या चित्रकार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रंग बाजूला ठेवून शेण हाती घेतले. पुढे १९९८ ते २००१ या काळात त्यांनी ‘आणि त्याला माझी वेदना सांगा’ अशा अर्थाच्या नावाचे शिल्प केले. लांबच लांब दोरे सुयांच्या नेढ्यांतून ओवायचे, त्यांचा जुडगा करायचा, त्याला डिंक आणि कुंकू माखायचे, की एक लाल, जड, लवचिक दोर तयार होतो. तो भिंतींवरून, जमिनीवरून आतड्यासारखा फिरत जातो आणि टोकाला सुयांचा झुबका लोंबतो. दुरून रेषा, जवळून श्रम. सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करणारी घरची बाई आठवावी आणि ते काम किती वेळा करावे लागले असेल याचा अंदाज घ्यावा. मग यात घडवणे नाही, असे म्हणायला जीभ रेटणार नाही.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. द्युशाँने १९१४ मध्ये बाटल्या वाळवायचे लोखंडी स्टँड पॅरिसच्या दुकानातून विकत आणले. अशा वस्तूंची निवड आवड-नावड बाजूला सारून, उदासीनतेने करावी, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. तो अमेरिकेला गेल्यावर बहिणीने त्याची खोली आवरली आणि ते स्टँड टाकून दिले. काहीच बिघडले नाही. पुढे तसेच दुसरे आले आणि संग्रहालयांनी ते आनंदाने ठेवले. वस्तू कोणतीही चालते, हाच त्याच्या युक्तिवादाचा कणा होता.

याच्या शेजारी बीजिंगच्या सोंग दोंगचे काम ठेवून पाहा. २००२ मध्ये त्याचे वडील गेले. आई झाओ शियांगयुआन दुःखात घरातली कोणतीही वस्तू टाकू देईना. टंचाईच्या काळात संसार केलेली बाई ती. काहीही फुकट घालवायचे नाही हा तिचा धर्मच होता. मुलाने २००५ मध्ये तिच्याच हातांनी त्या सगळ्या वस्तू कलादालनात मांडवल्या: वाट्या, बाटल्या, बूट, बाहुल्या, कापडाच्या घड्या, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, जुन्या घराचा लाकडी सांगाडा. दहा हजारांहून जास्त. साबण रेशनवर मिळत असे, तेव्हा मुलाच्या संसाराला उपयोगी पडतील म्हणून तिने साठवलेल्या वड्याही त्यात होत्या. मुलगा मोठा झाला तोवर घरात धुलाईयंत्र आले होते. २००९ मध्ये हे काम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडले गेले. त्याच वर्षी आई वारली.

या साबणाच्या जागी दुकानातला दुसरा साबण ठेवता येईल का? येणार नाही. द्युशाँची वस्तू ‘कोणतीही’ होती, इथली वस्तू ‘हीच’ आहे. एकाची निवड उदासीनतेतून होते, दुसऱ्याची जिव्हाळ्यातून. दुकानातली किंवा घरातली वस्तू दालनात आली एवढ्या बाह्य साम्यावरून एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणणे म्हणजे दोघांच्या हातात टाकी आहे म्हणून पाथरवट आणि पाट्याला टाकी लावणारी टाकीवाली यांचे काम एकच, असे म्हणण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण त्यात कलेच्या सार्वजनिकतेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोलंबियाच्या दोरिस साल्सेदोच्या कामात सापडते. तिच्या देशातल्या हिंसाचारात माणसे मारली गेली, बेपत्ता झाली. मागे राहिलेल्यांना ती भेटत आली आहे. घरातली कपाटे, खुर्च्या, पलंग घेऊन तिने त्यांत काँक्रीट ओतले. काही कपाटांत आतल्या कपड्यांसकट. आईवडिलांची हत्या पाहिलेली एक मुलगी आईने शिवलेला झगा रोज तोच घाली, ही हकिकत ऐकून साल्सेदोने १९९७ मध्ये एक काम केले. त्यात झगा नाही, मुलीचे नाव नाही, फोटो नाही. दोन मोडकी टेबले एकमेकांना जोडली आहेत. त्यांच्या लाकडात हजारो बारीक भोके पाडून माणसाचे केस ओवले आहेत आणि वरून रेशमाचा पातळ पदर बसवला आहे. दुरून ते नुसते टेबल दिसते. जवळ गेल्यावर लाकडाला केस फुटलेले दिसतात आणि अंगावर काटा येतो.

तिथे उभ्या असलेल्या परक्या माणसाला त्या मुलीची आठवण ठाऊक नसते. पण टेबल ठाऊक असते. आपण त्यावर जेवलेलो असतो, आईच्या हातचे कापड अंगावर घातलेले असते. आजीच्या लुगड्यांची गोधडी पांघरून झोपलेल्या कोणालाही हे वेगळे शिकवावे लागत नाही. आठवण एकाची असते, सवय सगळ्यांची. खाजगी इतिहास परक्यापर्यंत या सवयीच्या वाटेने पोचतो.

आता मंडन. नुसती आठवण जोडलेली जुनी वस्तू म्हणजे शिल्प नव्हे, हे मी मान्य करतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी जन्मभर जमवली, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाला दिले. तिथला अडकित्ता अडकित्ताच राहतो, आणि राहायलाच हवा. दुःख संस्थेच्या नावात आहे, वस्तूत नाही. शिल्पकाराला मात्र वस्तूलाच हात घालावा लागतो. मूर्तिकार दगडातला नको तो दगड काढतो. हा शिल्पकार वस्तूतला उपयोग काढतो. काँक्रीट भरलेल्या कपाटात साडी ठेवता येत नाही, दोराला लोंबणाऱ्या सुईने शिवता येत नाही, मांडून ठेवलेल्या साबणाने कपडे धुता येत नाहीत. उपयोग थांबतो त्या क्षणी वापर दिसू लागतो.

हे व्याकरण आपल्या डोळ्यांना परके नाही. गुढीवरचा तांब्या उपडा असतो. त्यात पाणी राहू शकत नाही, म्हणूनच तो भांडे उरत नाही. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, तेव्हा वाटणे थांबते आणि दगडाचे बाळ होते. ही शिल्पे नव्हेत, विधी आहेत. पण जी नजर इथे बिचकत नाही तिने दालनात बिचकण्याचे कारण नाही.

या प्रकारात पुष्कळ काम कच्चे असते, हेही खरे. ते ओळखायला दोन कसोट्या पुरतात. वस्तूच्या जागी बाजारातली तशीच दुसरी ठेवून चालत असेल, तर जिव्हाळा उसना आहे. आणि भिंतीवरचा मजकूर झाकल्यावर समोर काहीच उरत नसेल, तर काम शब्दांनी केले आहे, हातांनी नाही.

आमच्या आळीत वर्षातून एकदोनदा टाकीवाली येई. ती पाट्याला टाकी लावून देई, आणि वाटणाऱ्या हातांखाली ते टवके महिन्यांमागून महिने झिजत जात. पाट्याच्या मधोमध हलकासा खोलगट भाग तयार झाला होता. रोज वाटण पडे तोवर तो कोणालाच दिसला नाही. मिक्सर आला, पाटा भिंतीला टेकून उभा राहिला आणि एका सकाळी तिरप्या उन्हात तो खोलगटपणा सावलीने भरलेला दिसला. आजीने चाळीस वर्षांत कोरलेला तो आकार होता. म्हण खोटी नाही. घाव सोसावेच लागतात. फक्त ते टाकीनेच पडले पाहिजेत, असे त्या दगडाकडे पाहताना मला म्हणवत नाही.