मुठेकाठची झाडी आणि पूररेषेचा लढा

पुण्याच्या नारायण पेठेच्या एका अंगाला मुठा नदी वाहते. वाड्याला वाडा लागून वसलेल्या या पेठेत मोकळी जमीन थोडीच. त्यामुळे लकडी पुलाच्या खालच्या अंगाला नदीकाठी उरलेली झाडी हेच पेठेला सर्वांत जवळचे रान. उंबर, करंज, जांभूळ आणि पाण्यात पाय सोडून उभा राहणारा वाळुंज ही अशा काठांवरची मूळची झाडे. त्यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात. सुबाभूळ त्यांत मागाहून शिरली आणि पुढच्या वादात तिला नको इतके महत्त्व आले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि खडकवासल्याचेही धरण गेले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार या पेठांतले नदीलगतचे वाडे कोसळले. एवढ्या अनुभवानंतर नदीची जागा नदीला सोडली जाईल, असे वाटणे साहजिक होते. झाले उलटेच. वाहतुकीची सोय म्हणून नदीपात्रातून रस्ता निघाला आणि धरणातून पाणी सोडले की बुडणारा भिडे पूल आला. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा मात्र नकाशावरच राहिल्या. त्यांतली निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची.

नागरिकांनी पुढे नेमक्या याच रेषा हाती धरल्या. झाडांच्या सावलीबद्दल किंवा पक्ष्यांबद्दल बोलून पालिका बधत नाही, पण निळ्या रेषेच्या आतल्या भरावाचे उत्तर तिला द्यावेच लागते. विठ्ठलवाडीकडून बाह्यवळण महामार्गाला जोडणाऱ्या, नदीपात्रातल्या रस्त्याविरुद्ध सारंग यादवाडकर आदी कार्यकर्ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मेट्रोच्या बाबतीत तसे घडले नाही. नारायण पेठेसमोरून जाणारा मार्ग सुमारे १.७ किलोमीटर नदीपात्रातून आखला होता. त्याला २०१६ मध्ये आव्हान दिले गेले, पण अखेर परवानगी मिळाली आणि खांब उभे राहिले.

सर्वांत मोठा वाद नदीकाठ सुधार प्रकल्पाचा. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरच्या या योजनेचे भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. आराखडा साबरमतीचा काठ आखणाऱ्या अहमदाबादच्या संस्थेचा. दगडी बांध घालून काठ सरळ केला की काठावरची झाडी जाणार, हे उघड होते. बंडगार्डन परिसरात हजारो झाडांवर गंडांतर आल्याचे कळताच विरोध पेटला. यातली बरीचशी सुबाभूळ आहे, असे पालिकेचे म्हणणे. जुने देशी वृक्षही त्यांत आहेत, असे विरोधकांचे. नवी झाडे लावून भरपाई करण्याचे आश्वासन फारसे पटण्याजोगे नव्हते, कारण काठावरची झाडी ही मोजून लावलेली बाग नसते.

एप्रिल २०२३ च्या अखेरीस ‘चलो चिपको’ म्हणत पुणेकर जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानापाशी जमले आणि नदीपात्रात उतरून झाडांना मिठी मारून उभे राहिले. त्याच महिन्यात वेताळ टेकडी वाचवण्यासाठी बालभारती ते पौड फाटा या रस्त्याविरुद्धही मोर्चा निघाला होता. नदी आणि टेकडी यांचे लढे तिथून जवळजवळ एकच झाले.

या लढ्याने काम थांबले नाही. बंडगार्डनच्या बाजूला बांधलेला काठ आज दिसतो. पूररेषा आणि वृक्षतोडीच्या नोटिसा वाचण्याची सवय मात्र नागरिकांना लागली. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडीची नोटीस निघाली की तिच्यावर सात दिवसांत लेखी हरकत घेता येते.